उधन्याच्या शेडमधली शिडाची होडी

जुनी लाकडी होडी विकत घ्यायला गेलात तर रंगाकडे पाहू नका. हातात टोच्या घ्या आणि नेमक्या जागी तो दाबत जा. मागच्या आडव्या फळीचे दोन्ही कोपरे, डोलकाठीचं बूड जिथे बसतं ती खाच, सेंटरबोर्डच्या पेटीचा तळ आणि पावसाचं पाणी साचून राहील असा आतला प्रत्येक कोनाडा. चांगल्या लाकडात टोच्याचं टोक अडतं. कुजलेल्या लाकडात ते विनातक्रार आत जातं आणि काळपट, ओलसर भुगा घेऊन बाहेर येतं. मी हे खडकवासल्याच्या वाटेवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये केलं. होडी पालथी होती, वर फाटकी ताडपत्री. मालक वयस्कर गृहस्थ. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून त्यांचं पाण्यावर जाणं थांबलं होतं. डावा कोपरा कुजलेला निघाला, पेटीचा सांधा उघडा, डोलकाठीची खाच मात्र शाबूत. मी सगळं त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "तुम्हाला दिसलं त्याहून जास्त निघेल. पण तळ चांगला आहे." त्यांचं दोन्ही बोलणं खरं ठरलं.

होडी 'एंटरप्राइज' जातीची. जॅक होल्ट या इंग्लिश माणसाने १९५६ मध्ये आखलेली, चार मीटरहून किंचित लांब, दोन माणसांची, दोन निळ्या शिडांची. आखणी जाहीर झाली त्या जानेवारीतच पहिल्या दोन होड्या रात्रीच्या अंधारात डोव्हरहून फ्रान्सच्या कॅले बंदरापर्यंत नेल्या होत्या, लोकांचा विश्वास बसावा म्हणून. ती प्लायवुडमध्ये घरच्या अंगणात बांधता यावी असं होल्टच्या मनात होतं. त्यामुळे तिचं पोट गोल नाही. सपाट तक्ते वाकवून कोनात जोडलेले आहेत. अशी कोनात बांधलेली वस्तू सामान्य हत्यारांनी उघडताही येते, आणि पहिल्यांदाच होडी घेणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं आहे. फायबरची होडी आपल्याला तिच्या पोटात काय चाललंय ते सांगत नाही. लाकडाची सांगते.

मी पाण्यावरचा माणूस नाही, कापडातला आहे. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका प्रोसेसिंग हाउसमध्ये देखभाल खात्यात काम करतो. वडील शिंदखेडा तालुक्यातून उधना-जळगाव लाइनच्या गाडीने सुरतेला आले, लूम्सवर लागले आणि लिंबायतला राहिले. आमच्यासारखी खानदेशातली हजारो कुटुंबं याच वाटेने आली. तापीसुद्धा याच वाटेने येते. मुलताईहून निघून खानदेश ओलांडून ७२४ किलोमीटरनंतर ती डुमसजवळ समुद्राला मिळते. गावी आम्ही तिच्यात पोहलो, सुरतेत मात्र ती पुलावरून ओलांडायची गोष्ट झाली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मी रांदेरला नातेवाइकांकडे अडकलो होतो. तळमजला बुडालेला. आम्हाला न्यायला दोन खारवी तरुण वल्ह्यांची होडी घेऊन आले. गल्लीतून पाणी जोरात धावत होतं. त्यातला एक जण विजेच्या खांबाला हात घालून होडीचं तोंड वळवायचा, पाण्याच्या ओढीलाच कामाला लावायचा. इंजिन नव्हतं, आरडाओरडा नव्हता. पाण्याशी असं वागता येतं हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि तेव्हापासून ते शिकायची इच्छा मनात राहिली. पुढे मशिनरीच्या कामासाठी पुण्याला सारखं जाणं होऊ लागलं. तिथे सुट्टीच्या दिवशी शिडाची होडी चालवायला शिकलो. मग स्वतःची हवी असं वाटू लागलं.

सुरतेहून साड्यांची पार्सलं घेऊन पुण्याला गेलेली आयशर परतताना बऱ्याचदा रिकामी असते. होडी तशाच एका गाडीतून, चिंध्यांच्या गठ्ठ्यांवर पालथी निजून आली. उधन्यात एका मित्राचं बंद पडलेलं लूमखातं होतं. जुने लूम भंगारात गेले होते, जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे उभे. त्या बोल्टांच्या मधे दोन घोड्यांवर होडी ठेवली. पार्सलच्या काट्यावर वजन केलं तर ११६ किलो भरलं. नियमाप्रमाणे या जातीच्या नुसत्या सांगाड्याचं वजन ९० किलोच्या आसपास असायला हवं. जास्तीचे किलो म्हणजे रंगाचे थर आणि लाकडात मुरलेलं पाणी.

इथून पुढचं काम मला एकट्याला जमणारं नव्हतं. सुरतेत फर्निचरचे सुतार रग्गड आहेत, पण होडीला हात लावायला कोणी तयार होईना. शेवटी धोलाई बंदरावरच्या ओळखीतून एक म्हातारे मिस्त्री भेटले. उंबरगावकडचे, मांगेला समाजातले, घरात मराठी बोलणारे. आयुष्यभर मासेमारीच्या लाकडी होड्या बांधल्या. बंदरावर फायबर आल्यावर काम आटलं, मुलगा वापीला कारखान्यात. मी त्यांना काका म्हणू लागलो. ते मला भाऊ म्हणत.

काकांनी पहिल्या दिवशी एकही हत्यार काढलं नाही. हातोडीच्या दांड्याने सगळ्या अंगावर टकटक करत फिरले आणि जिथे आवाज बसका आला तिथे खडूने खूण केली. मग नाळेपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळी लावली. दोन्ही मापं सारखी आली. "अंग मुरडलेलं नाही," ते म्हणाले, "बाकीचं करता येईल." त्यानंतर एक स्क्रू काढून तळहातावर ठेवला. पितळेचा होता, पण रंग गुलाबी, आणि नखाने त्याचे कण सुटत होते. मिठाच्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे असं भुसभुशीत तांबं उरतं. म्हणजे तलावात येण्याआधी ही होडी कधीतरी समुद्रात वावरली होती. आधीच्या मालकालाही हे माहीत नव्हतं.

"हिला वाळू द्या, भाऊ. आत्ता रंग मारलात तर पाणी आत कोंडाल." मग एवढंच काम राहिलं: जुना रंग खरवडणं, कुजलेलं कोरून काढणं आणि वाट पाहणं. मार्च-एप्रिलचं सुरतेचं ऊन पत्र्याखाली भट्टी पेटवतं. मी रात्रपाळी संपवून सकाळी तासभर रंग खरवडायचो. काका यायचे त्या दिवशी त्यांच्याकडून ऐकायचो.

त्यांनी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही: होडीला समुद्र कुजवत नाही, पाऊस कुजवतो. खाऱ्या पाण्यात लाकडाला किडा लागतो, ती पीडा वेगळी. पण कूज म्हणजे बुरशी. तिला गोडं पाणी आणि थोडी हवा लागते. लाकडात ओल वीस टक्क्यांवर टिकून राहिली की ती वाढते. किनाऱ्यावर ताडपत्री घट्ट बांधून ठेवलेली होडी आतून घामाघूम होते आणि कुजते. त्याच किनाऱ्यावर रोज समुद्रात जाणारी होडी तीस वर्षं टिकते. काका त्यांच्या होड्यांना आतून चंद्रूस आणि तेल लावत, फळ्यांच्या मधे कापूस ठासत. अशी होडी पाण्यात पडली की फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप मिटतात. म्हणून ती उन्हात कोरडी पडणं वाईट. प्लायवुडच्या होडीचं नेमकं उलटं आहे. तिच्या लाकडात पाणी शिरूच द्यायचं नाही, इपॉक्सीने ते चहूबाजूंनी बंद करायचं. काकांना ही कल्पना आवडली नाही. लाकडाला हवा हवी, हे त्यांचं ठाम मत. मी त्यांना इपॉक्सीने जोडलेला लाकडाचा एक तुकडा वाळवून, हातोडीने तोडायला दिला. लाकूड फाटलं, सांधा राहिला. त्यांनी तो तुकडा खिशात घातला आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

प्लाय आयएस ७१० मार्कचाच घ्यायचा, त्यात तडजोड नाही. या प्रतीत थर फिनॉलच्या राळेने चिकटवलेले असतात, उकळत्या पाण्यातही सुटत नाहीत. सहा मिलीमीटरचा तक्ता. नवा तुकडा जुन्या अंगाला जोडताना काठाला काठ लावून चालत नाही. दोन्ही कडा तिरप्या तासून एकमेकींवर बसवाव्या लागतात, आणि उतार जाडीच्या आठपट हवा, म्हणजे ४८ मिलीमीटर. काकांनी प्लायला असा सांधा कधी घातला नव्हता. पण रंधा चालवताना तासलेल्या कडेवर प्लायचे थर पट्ट्यांसारखे दिसू लागले, आणि त्या पट्ट्या सरळ असल्या तर उतार सरळ, वाकल्या तर रंधा चुकला, हे त्यांच्या क्षणात लक्षात आलं. मला पुस्तकातून कळलेलं त्यांना लाकडाने दाखवलं. त्यांनी काढलेला उतार आरशासमोर धरला तरी एक पट्टी हलत नव्हती.

सेंटरबोर्डची पेटी मात्र पूर्ण उघडावी लागली. सेंटरबोर्ड म्हणजे तळातल्या फटीतून पाण्यात सोडायचं पातं. तेच शिडाच्या होडीला आडवं वाहून जाऊ देत नाही. ही फट म्हणजे मुद्दाम ठेवलेलं भोक, आणि तिच्याभोवतीची पेटी जिथे तळाला मिळते तो सांधा या जातीच्या होड्यांत हटकून गळतो. त्या जागेला चांगला साग हवा होता. नव्या सागात गाभा कमी, म्हणून आम्ही गोपीपुऱ्यात पाडलेल्या एका जुन्या घराची तुळई घेतली. वखारवाला म्हणाला, वलसाडी साग आहे. करवत घातली तेव्हा आतून तेलकट वास आला. डांगच्या जंगलातला हा माल. इंग्रजांनी १८४२ मध्ये डांगचं जंगल भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतलं ते जहाजांच्या सागासाठी, आणि पुढे बिलिमोरा-वघई ही अरुंद गेजची गाडी याच लाकडाच्या पायी आली. त्या तुळईने किती पिढ्या एका घराचं छप्पर पेललं असेल. आता तिचा हातभर तुकडा होडीत आहे. सागाच्या अंगातलं तेल इपॉक्सीला धरू देत नाही, म्हणून चिकटवण्याआधी तो ॲसिटोनने पुसावा लागतो. मेच्या उकाड्यात इपॉक्सी वाटीत ठेवलं की मिनिटांत तापून घट्ट होतं. पसरट ताटात थोडं थोडं कालवायचं आणि पहाटे काम उरकायचं. पाऊस सुरू झाल्यावर दुसरी अडचण. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती पाण्याने धुतल्याशिवाय वर दुसरा थर टिकत नाही.

लाकडाचं काम काकांचं होतं. शिडाचं काम माझ्या घरचं.

जुन्या शिडाचं कापड हातात घेतलं तेव्हा मला प्रथमच वाटलं की या होडीत माझ्या धंद्याचंही काही आहे. शिडाचं कापड पॉलिएस्टरचं असतं, सुरतेत जे रोज वाहून जाईल इतकं विणलं जातं त्याच जातीचं. फरक विणीत आणि त्यानंतरच्या प्रक्रियेत. साडीचं कापड अंगावर पडायला हवं, शिडाचं ताठ राहायला हवं. ताणा आणि बाणा दोन्ही दिशांना कापड ओढ सोसतं. पण तिरप्या दिशेने ओढलं की चौकटी मुरडतात आणि ते ताणलं जातं. शिडावर वाऱ्याचा जोर बऱ्याच ठिकाणी तिरपाच येतो. म्हणून शिडाचं कापड अतिशय घट्ट विणतात, उष्णतेने बसवतात, मेलामाइनची राळ भरतात आणि गरम रुळांतून दाबून काढतात. आमच्या शिडातली ती राळ वापराने तुटली होती. कापड मऊ पडलं होतं, कुरकुरणं बंद झालं होतं. शिवणीचा धागा उन्हाने इतका मेला होता की बोटाने ओढला की तुटायचा. कापड अजून एक-दोन वर्षं चाललं असतं. शिवण नाही.

शिवण उसवायची होती, आणि कापडाला धक्का न लावता. शीड हे सपाट कापड नसतं. पट्ट्या एकमेकींना किंचित वक्र काठाने जोडतात, त्या वक्रतेतून शिडाला पोट येतं. जुनी भोकं जशीच्या तशी राहिली तर नवी शिवण त्याच रेषेवर बसते आणि आकार टिकतो. मी ब्लेडने सुरुवात केली. आईने ते पाहिलं आणि शीड माझ्या हातातून घेतलं.

माझ्या आईने लिंबायतच्या घरात पंचवीस वर्षं साड्यांचं धागा कटिंग केलं. एम्ब्रॉयडरी मशीनमधून आलेल्या साडीच्या मागचे सुटे धागे कापायचे, नगामागे पैसे. आमच्या वस्तीतल्या कितीतरी बायका हे करतात, सोबत लेस लावतात, टिकल्या चिकटवतात. या कामाला कारागिरी कोणी म्हणत नाही. तिने छोटी कात्री उलटी धरली, प्रत्येक तिसरा टाका कापला आणि मग दोन बोटांनी अख्खा धागा एका ओढीत काढला. कापडावर ओरखडा नाही. शेजारच्या दोघी मावश्या येऊन बसल्या. शीड ओट्यावर पसरलं, अर्धं रस्त्यावर आलं. कोणीतरी विचारलं, ही कुठली साडी? आई म्हणाली, "होडीची." दुपारी उसवायला घेतलेलं मोठं शीड दिवेलागणीला पट्ट्यापट्ट्यांत मोकळं झालं. पुन्हा शिवायला रिंग रोडच्या मागच्या गल्लीत झिगझॅग मशीन असलेला ताडपत्रीवाला मिळाला. झिगझॅग टाका लागतो कारण कापड ताणलं की तोही ताणतो. सरळ टाका तटकन तुटतो. ताडपत्रीवाल्याने जुन्या भोकांतून सुई घालायला नकार दिला, वेळ जातो म्हणाला. आई त्याच्या दुकानात बसून राहिली. त्याने घातली.

सुकाणूच्या बिजागऱ्या आणि डोलकाठीच्या तारांचे तुकडे उधन्याच्या लेथवाल्याने केले. तो एरवी आमच्या मशीनचे भाग करतो. स्टेनलेसमध्ये ३१६ हवं, ३०४ नको, एवढंच त्याला सांगावं लागलं. वारा कुठून कसा फिरतो हे मला डबगरवाडच्या पतंगवाल्याने जितकं सांगितलं तितकं दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. जानेवारीत सकाळी ईशान्येचा, दुपारी पडतो. होळीनंतर दुपारी समुद्राकडून नैर्ऋत्येचा. अडाजणच्या उंच इमारतींच्या मागे वारा गोल फिरतो, तिथे पतंगही टिकत नाही. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं.

या कामात माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होत गेली. सुरतेने लाकडी जहाजं बांधायचं सोडलं, पण जहाजाला लागणारे हात या शहरात आणि आसपासच आहेत. ते एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या गल्ल्यांत, वेगवेगळ्या मालासाठी राबतात. लाकूड जाणणारा धोलाईला बसून जाळ्यांच्या गप्पा ऐकतो. कापड जाणणारी लिंबायतला धागे कापते. लोखंड जाणणारा लूमचे दाते करतो. त्यांना एकत्र आणायला एक मोडकी होडी पुरली.

कोणे एके काळी हे सगळं एकाच तीरावर होतं. अठराव्या शतकात सुरतेला आलेल्या स्टॅव्होरिनस या डच कप्तानाने इथल्या जहाजांच्या फळ्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. युरोपात फळ्या काठाला काठ लावून ठोकत. सुरतेचे मिस्त्री एका फळीच्या काठाला खाच पाडून दुसरीचा काठ तिच्यात बसवत, मधे कापूस आणि राळ. ही जहाजं जुनी झाली तरी गळत नाहीत असा त्यांचा लौकिक होता. मी हे काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्या आजाने केलेल्या होडीत असाच सांधा होता. त्यांनी स्वतः तो लहानपणी पाहिला, नंतर मजुरी परवडेना म्हणून बंद झाला.

होडी पाण्यात कुठे सोडायची हा प्रश्न मला पडलाच नाही. खाली मगदल्ला-डुमसकडे खंबाताच्या आखाताची भरती-ओहोटी आहे. पाणी कित्येक मीटर चढतं-उतरतं आणि ओढ अशी की शिकाऊ माणसाने लहान शिडाच्या होडीत तिथे जाऊ नये. वर सिंगणपोरला १९९५ मध्ये बांधलेला वीअर-कम-कॉजवे आहे. त्याच्या वरच्या अंगाला तापीचं गोडं पाणी बारा महिने तुंबून राहतं, रांदेर, जहांगीरपुऱ्यापासून पार अमरोलीच्या पुढे. पावसाळ्यात पातळी सहा मीटरच्या वर गेली की कॉजवे बंद होतो, आणि तेव्हा तिथे कोणीही होडी नेऊ नये. बाकी हंगामात जलपर्णीची बेटं सोडली तर पाणी शांत. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर गुजरातेत होड्यांचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. आमची कागदपत्रं पूर्ण व्हायला वेळ लागला. त्या वेळेत मी होडीत हवेच्या पिशव्या बसवल्या. होडी मुद्दाम उलटी करून, पाणी भरून, ती तरंगते का हे पाहिलं. लाइफ जॅकेटशिवाय तिच्यात कोणी पाय ठेवत नाही, आईसुद्धा नाही.

वाडिया घराण्याच्या इतिहासात लवजी नसरवानजी वाडियांचं गाव म्हणून हेच सिंगणपोर सांगितलं जातं. सुरतेच्या गोदीत मिस्त्री म्हणून काम करणारे लवजी १७३६ मध्ये काही सुतार घेऊन मुंबईला गेले, ईस्ट इंडिया कंपनीसाठी गोदी उभारायला. त्यांच्या वंशजांनी पुढची दीडशे वर्षं मुंबईत जहाजं बांधली. त्यांतलं 'ट्रिंकोमाली' हे सागाचं लढाऊ जहाज १८१७ मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी पाण्यात सोडलं. ते आजही इंग्लंडातल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याची डागडुजी दहा-अकरा वर्षं चालली आणि २००१ मध्ये पुरी झाली. कुजलेली फळी काढायची, तिच्या जागी तशीच बसवायची, चांगली असेल तिला हात लावायचा नाही. मोठ्या जहाजाला आणि चार मीटरच्या होडीला नियम एकच. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ मध्ये 'तृष्णा' घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती होडीही इंग्लंडातून घेतलेली जुनीच होती. आणि नौदलाच्या दिलीप दोंद्यांनी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली त्या 'म्हादेई'च्या बांधणीत ते गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात स्वतः हाताने राबले होते. शिडाची होडी चालवणाऱ्याने तिचं लाकूड ओळखावं, हे मला आता कोणी पटवून द्यायची गरज नाही. पेटीचा सांधा आपण स्वतः उघडून बंद केलेला असेल तर वाऱ्याच्या झोतात होडी कलते तेव्हा मनात कुठे लक्ष द्यायचं ते ठाऊक असतं. दुसऱ्याने दिलेली पावती हे सांगत नाही. पैसे देऊन मी होडी घेतली, पण ती माझी झाली पुढच्या दहा महिन्यांत.

उत्तरायण होऊन नदीवरचा मांजा साफ झाल्यावर आम्ही तिला पाण्यात घातलं. काका पुढे बसले. पेटीच्या सांध्यावर मी हात ठेवून पाहत होतो. कोरडा. थोड्या वेळाने सुकाणू त्यांच्या हातात दिलं. त्यांच्या तिकोनी शिडाच्या होडीत दिशा बदलायची तर वाऱ्याकडे पाठ करून फिरायचं, आणि शिडाची काठी डोलकाठीच्या पलीकडून उचलून आणायची. त्याला माणसं लागतात. इथे नाळ वाऱ्यातूनच आरपार गेली आणि शीड स्वतःहून दुसऱ्या बाजूला भरलं. काकांनी ते लगेच पुन्हा करून पाहिलं. मग पुन्हा. "हे खाली पातं आहे म्हणून," ते म्हणाले. दुसऱ्या वळणापासून मी त्यांना काही सांगितलं नाही. वाऱ्याची झुळूक पाण्यावर येताना ते माझ्याआधी पाहत होते.

खर्चाचं सांगायचं तर होडीला दिले त्याच्या अडीचपट दुरुस्तीला लागले. सगळ्यात जास्त इपॉक्सीला आणि प्लायला. शिवणीला सगळ्यात कमी, आणि ते मला अजून खुपतं. आईने पैसे घेतले नाहीत, मावश्यांना मी धागा कटिंगच्या दराने दिले नाहीत, दिवसाच्या मजुरीने दिले.

आता कापडाचा प्रश्न उरला आहे. जुनं शीड आणखी एखादा हंगाम चालेल. नवं परदेशी कापडाचं शीड मागवता येतं. पण सचिनच्या एका वॉटरजेट लूमवाल्याला मी जास्त ताकदीच्या धाग्याचा घट्ट नमुना विणायला लावला. आमच्या मिलमधल्या मास्तरांनी तो स्टेंटरवर बसवला, राळ दिली आणि कॅलेंडरमधून काढला. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी पट्टी कापून, खाली वजन टांगून, जुन्या शिडाच्या पट्टीशेजारी मोजली. आमचं कापड जुन्या शिडापेक्षा कमी ताणलं, नव्या परदेशी नमुन्यापेक्षा बरंच जास्त. मास्तरांच्या मते बाणा कमी पडतोय, दर इंचाला आणखी काही धागे बसायला हवेत. वॉटरजेटवाला म्हणतो, तेवढी घट्ट वीण त्याच्या मशीनवर होणार नाही, जुन्या भारी लूमवर होईल. तसा एक लूम भेस्तानला अजून चालू आहे. पुढच्या आठवड्यात ताण्याचा बिम तिकडे जाणार आहे. कापड जमलं तर आधी लहान, पुढचं शीड करायचं. कापण्याचा आराखडा मी जुन्या पट्ट्यांवरून कागदावर उतरवून ठेवला आहे, आणि शिवताना ताडपत्रीवाल्याच्या दुकानात आई बसणार आहे.